इत्तेकिमास, म्हणजे जाऊन येतो

वाळूजच्या कारखान्यात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘तुम्हाला जपानी येतं का?’ असं विचारलं, तर तो नाही म्हणतो. त्यालाच ‘पोका-योके’ म्हणजे काय ते विचारा. तो हातातला पार्ट फिरवून दाखवतो. फिक्श्चरला इथं एक पिन ठोकली आहे, पार्ट उलटा धरला की पिनेवर अडतो, बसतच नाही. म्हणजे चूक करायची म्हटली तरी होत नाही. मग तो कायझेन सांगतो, कानबान सांगतो, ‘गेंबावर जाऊन बघा साहेब’ म्हणतो. भिंतीवर रंगवलेले पाच एस त्याला क्रमानं पाठ असतात: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. हे सगळे शब्द जपानी आहेत. ते शिकायला तो कुठल्याही शाळेत गेलेला नाही.

आपल्या शहरात जपानी भाषा आली ती अशी, यंत्राच्या तेलाचा वास घेऊन. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ सालचा. त्याच काळात बजाजनं जपानच्या कावासाकीशी हात मिळवला आणि १९८६ साली कावासाकी बजाज केबी १०० रस्त्यावर आली. पुढं चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथले सुटे भाग करणारे लहानमोठे कारखानदार याच शिस्तीत तयार झाले. शब्द आधी आले. भाषा मात्र यायची राहिली, आणि आज जो तो ती शोधतो आहे.

त्याला कारणही तसंच आहे. दिल्ली–मुंबई औद्योगिक महामार्गिका जपानच्या सहकार्यानं आखली गेली, तिचा शेंद्रा–बिडकीनचा तुकडा म्हणजे आपलं ऑरिक. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला, तो याच शहरासाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत दोन्हीकडून मिळून पाच लाख माणसांची ये-जा व्हावी असं ठरवलं. त्यांत भारतातून जपानला जाणारे ५०,००० कुशल लोक धरले आहेत. एवढ्या बातम्या छापून आल्यावर बजाजनगरच्या चहाच्या टपरीपासून सिडकोच्या बैठकीच्या खोलीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: ‘जपानीचा क्लास कुठं लावू?’

मी उलट विचारतो: तुम्ही कुठं आहात? इथं आहात आणि जायचं आहे, की तिथं नोकरीला पोचलात आणि आता भाषा हवी आहे? दोन्हींची उत्तरं फार वेगळी आहेत. आधी तिथलं सांगतो, कारण मी स्वतः ते शोधलं.

नागोयाजवळ, आइची प्रांतातल्या एका लहान शहरात मी वाहनांच्या सुट्या भागांच्या कामासाठी तीन वर्षं होतो. जाताना माझी समजूत साधी होती. जपानमध्ये जपानीचे क्लास गल्लोगल्ली असतील, पोचल्यावर लावू एखादा. इंग्लंडात इंग्रजी शिकायला काय अडचण? पहिल्याच महिन्यात कळलं की तिथल्या भाषाशाळा माझ्यासारख्यांसाठी आखलेल्याच नाहीत.

जपानमध्ये ज्याला ‘निहोंगो गाक्को’ म्हणतात ती शाळा बहुधा विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांसाठी असते. प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत. आठवड्याचे पाच दिवस, सकाळी किंवा दुपारी, आठवड्याला वीसएक तास. उरलेल्या वेळात ही मुलं दुकानात, हॉटेलात काम करतात, तेही परवानगी घेऊन आणि आठवड्याला २८ तासांच्या आत. दिवसा कारखान्यात उभा असलेला माणूस या वेळापत्रकात बसत नाही. मोठ्या शहरांत संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे वर्ग मिळतात, पण लहान गावातून तिथवर पोचेपर्यंत वर्ग संपायची वेळ होते.

इथं एक नवी गोष्ट जाणाऱ्यानं लक्षात ठेवावी. जपाननं २०२३ साली भाषाशाळांना मान्यता देण्याचा कायदा केला आणि १ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. आता शाळांना शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते, आणि अभ्यासक्रम तीन प्रकारांत मोडतात: शिकायला आलेल्यांसाठी, नोकरी करणाऱ्यांसाठी आणि नुसतं तिथं राहणाऱ्यांसाठी. शिकवणाऱ्यांसाठीही राष्ट्रीय परीक्षा आणि नोंदणी सुरू झाली. जुन्या शाळांना बदलायला मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे. तेव्हा कुणी तुम्हाला जपानमधल्या शाळेचं चकचकीत माहितीपत्रक दाखवलं, तर ती मान्य शाळांच्या यादीत आहे का, आणि या तीनपैकी कुठल्या प्रकारात, एवढं आधी विचारा.

मला माझी शाळा सापडली ती कचऱ्याच्या खिडकीवर. जपानमध्ये नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्या कचेरीला ‘शियाकुशो’ म्हणतात. मी नोंदणीला गेलो तेव्हा बाईंनी मला एक घडीचा कागद दिला. वर्षभराचं कॅलेंडर, प्रत्येक वाराला वेगळा रंग. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, कागद, यातलं काय कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचं ते त्यात लिहिलेलं. मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. माझा चेहरा बघून त्यांनी खालच्या खणातून दुसरा कागद काढला. त्यावर नकाशा होता, एका इमारतीभोवती लाल गोल होता आणि शेजारी ‘रविवार १०:००’ असं लिहिलं होतं.

ती इमारत म्हणजे ‘कोमिनकान’, आपल्याकडच्या समाजमंदिरासारखं सार्वजनिक सभागृह. दारात चपला काढून तिथल्या सपाता घालायच्या. आत लांब टेबलं, प्रत्येक टेबलाला एक शिकवणारा आणि दोन-तीन शिकणारे. शिकवणारे सगळे स्वयंसेवक: निवृत्त शिक्षिका, कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, एखादी कॉलेजची मुलगी. शिकणारे ब्राझीलचे, व्हिएतनामचे, फिलिपिन्सचे, नेपाळचे. फी म्हणजे वह्या-झेरॉक्सपुरते येन. असे वर्ग जपानभर नगरपालिका आणि त्यांच्या ‘कोकुसाइ कोर्यू क्योकाइ’ नावाच्या संस्था चालवतात. जाहिरात करत नाहीत, म्हणून बाहेरून आलेल्याला सापडत नाहीत. पत्ता नोंदवायला जाल तेव्हा त्याच खिडकीवर ‘निहोंगो क्योशित्सु’ एवढे दोन शब्द उच्चारा, काम होतं.

पहिल्या दिवशी आमच्या टेबलावरच्या आजोबांनी तो कचऱ्याचा कागदच पुस्तक म्हणून उघडला. ‘मोएरु’ म्हणजे जळणारा, ‘मोएनाइ’ म्हणजे न जळणारा. आजोबा केळ्याची साल, पिशवी, काचेची बाटली एकेक वर उचलत होते आणि आम्ही ओरडत होतो. क्रियापदाचा होकार आणि नकार मी त्या दिवशी शिकलो, तो आजवर चुकला नाही. मग त्यांनी चंद्राचं चित्र दाखवलं. ‘त्सुकी.’ माझ्या शेजारचा ब्राझीलचा मुलगा ‘सुकी’ म्हणाला. सुकी म्हणजे ‘आवडतं’. पुन्हा म्हणाला, पुन्हा सुकी. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून तो उच्चार एका दमात बाहेर पडला. आजोबांनी मान वर करून पाहिलं. मी कुठं शिकलो होतो? कुठंच नाही. तो आपल्या ‘चूल’मधला च आहे.

जपानी शिकायला निघालेल्या मराठी माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मराठीत च दोन आहेत. ‘चिवडा’तला एक, ‘चूल’, ‘चव’, ‘चाळ’ यांतला दुसरा. ज सुद्धा दोन: ‘जीव’ आणि ‘जुना’. जपानीतही नेमके हेच दोन आहेत, आणि तिथंही इ-कारापुढं पहिला येतो, उ-कारापुढं दुसरा. त्यांच्या त-ओळीत ‘चि’ आपल्या चिवड्यातला आणि ‘त्सु’ आपल्या चुलीतला. हिंदीत हा दुसरा च नाही, इंग्रजी माणूस शब्दाच्या सुरुवातीला तो म्हणायला अडखळतो. आपण तो पाळण्यात असल्यापासून म्हणतो.

उच्चारापेक्षा वाक्यात तर गंमतच आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी. विभक्ती शब्दाच्या मागं चिकटते. ‘पुणे नि इकु’, पुण्याला जातो. नि म्हणजे आपला ला. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी का लावायचा: ‘इकिमास का?’ जाता का? दुजोरा हवा तर शेवटी ने: ‘ई देस ने’, छान आहे ना. ‘काल आलेला माणूस’ हे इंग्रजीत नेताना आपल्याला माणूस आधी आणून मग ‘जो’ जोडावा लागतो. जपानीत ‘किनो किता हितो’: काल, आलेला, माणूस. आपल्याच क्रमानं.

आणि जिथं इंग्रजी पुस्तकातून शिकणारा दोन-दोन महिने अडकतो, तिथं आपण चालत जातो. जपानीत एका क्रियापदाच्या पाठीवर दुसरं बसवून अर्थाची छटा आणतात. ‘शिते मिरु’: शिते म्हणजे करून, मिरु म्हणजे बघणं. करून बघतो. ‘शिते ओकु’: ओकु म्हणजे ठेवणं. करून ठेवतो. ‘मोत्ते कुरु’, घेऊन येतो. ‘शिते कुरेरु’, करून देतो. ‘शिते शिमाउ’ म्हणजे करून टाकतो, जवळजवळ तेच. इंग्रजीत ‘करून ठेव’ सांगायला अख्खं वाक्य लागतं, आधीच, पुढची सोय म्हणून, वगैरे. सकाळी पाहुणे यायच्या आधी आई म्हणते ‘भाजी चिरून ठेव’, त्यातला ठेव म्हणजे ओकु. शिकवणाऱ्यानं एवढं एक वाक्य म्हटलं की धडा संपला.

घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो ‘इत्तेकिमास’. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. जाऊन येतो. घरातून उत्तर येतं ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन या. हे मला कळलं त्या रविवारी मी संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, ‘मग नुसतं जातो असं तेही म्हणत नसतील. चांगले लोक आहेत.’

म्हणून माझं ठाम मत आहे की मराठी मुलांना जपानी मराठीतून शिकवली पाहिजे. आज बहुतेक क्लासमध्ये ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पुस्तक लावतात. चांगलं पुस्तक आहे; १९९८ साली निघालं, २०१२ साली सुधारून आलं, पहिल्या दोन भागांत मिळून ५० धडे. पण त्याच्या जोडीला इंग्रजीतलं स्पष्टीकरणाचं पुस्तक देतात, आणि शिक्षकही ते इंग्रजीतूनच उलगडतात. पैठणच्या किंवा कन्नडच्या मुलाला मग आधी इंग्रजी व्याकरण कळावं लागतं आणि त्यातून जपानी. पुण्याला जाण्यासाठी नागपूरमार्गे जाण्यासारखं हे झालं. क्लास निवडताना पाटीवरचे कोर्स वाचण्याआधी एक तास वर्गात बसून घ्या. शिक्षक ‘शिते ओकु’ कसं समजावतात ते ऐका. ‘करून ठेवणे’ म्हणाले, तर तिथं नाव घाला.

मराठीचा आधार कुठं घात करतो तेही सांगितलं पाहिजे. आपण आपल्या माणसाबद्दल दुसऱ्याशी बोलताना मान देतो: ‘आमचे साहेब बाहेर गेलेत’, ‘आमचे वडील आलेत’. जपानीत बरोबर उलटं. बाहेरच्याशी बोलताना आपल्या माणसाचा मान काढून घ्यायचा. आपल्या वडिलांना घरात ‘ओतोसान’ म्हणायचं, बाहेर सांगताना ‘चिचि’. गिऱ्हाइकाचा फोन आला आणि तानाका साहेब जागेवर नसले, तर ‘तानाका-सान’ म्हणायचं नाही, नुसतं ‘तानाका’. मराठी माणसाच्या जिभेला हे जड जातं, साहेबाला एकेरीत बोलावल्यासारखं वाटतं. हे पुस्तकातून येत नाही. कुणीतरी समोर बसून, फोनचं नाटक करून दहादा म्हणवून घ्यावं लागतं. स्वरांची लांबीही तशीच. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फार पाळत नाही, तिथं पाळावंच लागतं.

टोकियोत मात्र वेगळीच अडचण दिसते. २००० सालच्या आसपास संगणकाच्या कामासाठी गेलेले भारतीय एदोगावा भागातल्या निशी-कासाइला वस्तीला राहिले आणि तिथं आज मोठी भारतीय वसाहत आहे. मराठी घरं पुष्कळ, गणपती बसतो, डाळ-तांदूळ मिळतो, ऑफिसात इंग्रजी चालतं. दहा वर्षं राहून भाषा न आलेली माणसं तिथं भेटतात. त्याच एदोगावातून एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक प्रभागसभेवर निवडून आले, जपानमध्ये निवडणूक जिंकलेले पहिले भारतीय वंशाचे नागरिक. ते पुण्यात जपानी शिकून गेले होते. रस्त्यावर उभं राहून म्हाताऱ्या जपानी मतदारांशी बोलायचं तर इंग्रजीनं भागणार नव्हतं. पुढं ते इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

आता आपल्या शहराकडे. अजिंठा इथून शंभर किलोमीटर. जपानी माणूस या जिल्ह्यात कारखान्यासाठी यायच्या कितीतरी आधी लेण्यांसाठी आला. नाराच्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांचं अजिंठ्याशी नातं आहे असं जाणकार मानत आले, म्हणून आराइ काम्पो हा चित्रकार १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला होता. त्या प्रती टोकियोत ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. होर्यूजीची मूळ चित्रंही २६ जानेवारी १९४९ ला आगीत होरपळली. लेण्यांभोवतीचे रस्ते, पाणी, विमानतळ यांच्या कामांना पुढं जपाननं कर्ज दिलं. बुद्धाच्या वाटेवर आलेल्या जपानी यात्रेकरूंना लेणी दाखवता यावीत म्हणून इथले काही गाइड जपानी शिकले. या शहरात जपानीत सलग बोलणारी पहिली माणसं तीच असावीत.

ती वाट उलट्या दिशेनंही गेलेली आहे. जपानी मुळाक्षरं ज्या क्रमानं पाठ करतात तो क्रम ऐका: अ इ उ ए ओ, मग क स त न ह म य र व. आपलीच वर्णमाला, गाळून घेतलेली. स च्या जागी पूर्वी च सारखा उच्चार होता आणि ह च्या जागी प, असं भाषेचे अभ्यासक सांगतात, म्हणजे क-च-त-प हा वर्गांचा क्रम तसाच उरतो. संस्कृत मंत्र सिद्धम् लिपीत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंकडून तो अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी अक्षरांना मिळाला. कोयासान हे त्या अभ्यासाचं मोठं पीठ. तिथल्याच विद्यापीठात १० सप्टेंबर २०१५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. ज्यांनी १९५० साली आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्यांचा पुतळा तिथं असणं मला फार योग्य वाटतं. हिरागाना म्हणजे ही मुळाक्षरं बघून घाबरलेल्या मुलाला मी हा क्रम म्हणून दाखवतो. त्याची निम्मी भीती तिथंच जाते.

आणि शाळाच नसेल तर काय करायचं, याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या मुलांनी दिलेलं आहे. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? मुलांना रोबो आणि तंत्रज्ञानाची ओढ, म्हणून त्यांनी जपानी निवडली. शाळेत जपानी येणारं कुणी नाही, पुस्तक नाही. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अॅप गोळा करून सुरुवात केली. पुढं शहरातल्या एका जपानी जाणणाऱ्या शिक्षकांना हे कळलं आणि २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांचं काय? वर्ग केलेल्या मुलांनी ‘विषयमित्र’ होऊन तो धडा इतरांना शिकवायचा. आइचीच्या कोमिनकानमध्ये रविवारी जे चालतं, तेच या मुलांनी आपल्या ओट्यावर केलं.

शहरात क्लास लावणाऱ्यांनी तासांचा हिशेब मात्र स्वतः करावा. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा १९८४ पासून होते आणि २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी. जुन्या परीक्षेच्या काळात आजच्या एन-५ एवढ्या तयारीला सुमारे १५० तास आणि एन-४ एवढ्या तयारीला सुमारे ३०० तास धरत. ‘तीन महिन्यांत एन-४’ अशी पाटी दिसली की भागाकार करा: रोज, रविवार धरून, तीन तासांहून जास्त. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, थर्ड शिफ्ट आठवड्याला बदलणाऱ्या माणसाला ते जमणार आहे का? शिफ्ट बदलली की बॅच बदलून देणारा क्लास, हा माझ्या मते फीपेक्षा मोठा मुद्दा आहे.

दुसरं, या परीक्षेत बोलावं लागत नाही. सगळे प्रश्न पर्यायांचे, वाचायचे आणि ऐकायचे. एन-५ ला १८० पैकी ८०, एन-४ ला ९० गुण लागतात. एन-३ झालेला मुलगा नागोयाच्या स्टेशनवर तिकीट विचारताना गप्प उभा राहिलेला मी पाहिला आहे. कारखान्यात ‘आबुनाइ!’ असं कुणी ओरडलं तर हात मागं घ्यायचा असतो. धोका आहे हे पर्यायांतून निवडायला वेळ नसतो. म्हणून वर्गात तासाभरात प्रत्येक मुलाचा आवाज किती वेळा निघतो ते मोजा. वीस मुलं आणि एकटा शिक्षक बोलतोय, तर ते व्याख्यान झालं.

एप्रिल २०१९ पासून जपाननं ‘तोकुतेइ गिनो’ नावाचा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला. त्याला एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा लागते, तिच्यात २५० पैकी २०० हवेत. वृद्धांच्या सेवेच्या कामाला भाषेची आणखी एक वेगळी परीक्षा असते. इथंच एजंट शिरतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाला एका एजंटानं नोकरी म्हणून जे सांगितलं, तो भाषाशाळेचा विद्यार्थी व्हिसा निघाला. वडिलांनी जमीन गहाण टाकली होती. आठवड्याच्या २८ तासांच्या कमाईत शाळेची फी, खोलीभाडं आणि व्याज निघणार कसं? दीड वर्षात तो परत आला, आजही तो विषय काढत नाही. कागदावर व्हिसाचा प्रकार काय लिहिला आहे ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. पगाराचा आकडाही नीट ऐका: जपानी माणूस दहा हजारांनी मोजतो, त्याला ‘मान’ म्हणतात. ‘निजू-मान’ म्हणजे दोन लाख, पण दोन लाख येन, रुपये नव्हेत.

जेएलपीटी द्यायला आपल्याकडचे विद्यार्थी पुण्याला किंवा मुंबईला जातात. डिसेंबरची परीक्षा रविवारी असते, शनिवारी रात्री सेंट्रल बसस्टँडवर पुण्याच्या गाडीत बसलेली मुलं तुम्हाला ओळखू येतील. मांडीवर वही, वहीत कांजी अक्षरांसाठी घरं पाडलेली, खिशात पेन्सिली, कारण उत्तरपत्रिकेवर पेन चालत नाही.

परत येताना मी माझी आइचीची वही आणली होती. डावीकडं मराठी, उजवीकडं जपानी, मध्ये इंग्रजी नाही. माझा भाचा बजाजनगरला राहतो, सेकंड शिफ्ट करून सकाळच्या बॅचला जातो. वही आता त्याच्याकडं आहे आणि शेवटच्या पानांवर त्याचं अक्षर सुरू झालं आहे. परवा त्याचा फोन आला.

‘मामा, करून बघणं झालं, करून ठेवणं झालं. पण ‘होऊन बसलं’ याला काय म्हणायचं?’

मी म्हटलं, ‘नात्ते शिमात्ता म्हण.’

‘त्यात बसणं कुठं आहे?’

बसणं त्यात नाही. मी आमच्या टेबलावरच्या आजोबांना पोस्टकार्ड लिहिलं आहे, भाच्याचं वाक्य मराठीतच देवनागरीत उतरवून आणि खाली एकेका शब्दाचा अर्थ देऊन. उत्तर यायचं आहे.